पाचावर एक

माझा राग माझा नाही, असं एका डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि मला त्या डॉक्टरांचाच राग आला. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मी स्टुलावर बसले होते. डॉक्टरांनी मागे उभं राहून दोन्ही हातांनी माझा गळा चाचपला, घोट घोट पाणी प्यायला लावलं, मग हात पुढे धरायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरत राहिला. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आपल्या सगळ्यांच्या गळ्यात एक ग्रंथी असते. यांची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय. म्हणून छाती धडधडते, घाम येतो, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि माणूस चिडचिडं होतं." नवऱ्याचा चेहरा एकदम उजळला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि आपली बायको मुळात वाईट नाही हे त्याला प्रथमच कुणी मोठ्या माणसानं सांगत होतं.

मला मात्र ते पटलं नाही. माझा राग माझ्या आईकडून आलेला आहे, तिला तर गळ्याचं काही नव्हतं. पण डॉक्टर पुढे जे बोलले ते मी कान देऊन ऐकलं. त्याआधी माझी दोन मुलं पोटातच गेली होती, एक तिसऱ्या महिन्यात, एक चौथ्या. तीही याच कारणानं गेली असतील, असं ते म्हणाले. आता तिसऱ्या वेळी मला तीन महिने झाले होते. "या वेळी सांभाळता येईल," ते म्हणाले, "पण नाडीवर रोज लक्ष ठेवायला हवं."

तेव्हा रक्ताचा थेंब काढून सगळं समजण्याचे दिवस नव्हते, निदान आमच्यासारख्यांसाठी नव्हते. ग्रंथी किती उसळलीय हे नाडी सांगायची. गोळ्या कमी पडल्या तर नाडी धावते आणि मूल टिकत नाही. गोळ्या जास्त झाल्या तर मुलाच्या गळ्यालाच अपाय होतो. म्हणजे गोळ्यांचं माप नाडीवरून ठरायचं, आणि नाडी घ्यायची ती सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, पडल्या पडल्या. चालून-फिरून घेतलेली नाडी खोटी. आणि मी स्वतः मोजायची नाही, कारण मोजताना मीच घाबरणार. घरातल्या कुणीतरी शांत माणसानं मोजावी.

शांत माणूस म्हटल्यावर आमच्या घरात एकच नाव पुढे येण्यासारखं होतं, सासूबाईंचं.

आमचं घर श्रीवर्धनला, वाडीत. मागे पोफळी आणि नारळ, मधून पाटाचं पाणी, आणि वाडीच्या कडेला उभं राहिलं की समुद्राचा आवाज. नवरा मुंबईला छापखान्यात होता. आठ जणांच्या खोलीत एक वळकटी एवढाच त्याचा संसार, तिथं मला नेणार कुठं? तो आगबोटीनं सणावारी यायचा. घरात मी, मामंजी म्हणजे माझे सासरे, आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडे तशी पद्धत होती. मामंजी कमी बोलणारे, हिशेबाला घाबरणारे. वाडीतला माल द्यायचा-घ्यायचा तो आत्याबाईंनी. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी मोजलेल्या नारळांवर कुणी व्यापाऱ्यानं कधी तोंड वर करून प्रश्न विचारला नाही. आत्याबाईंनी मोजलं म्हणजे विषय संपला.

मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी आणि आत्याबाई गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हातारे, भला माणूस. त्यांनी आत्याबाईंना मनगटावर बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. मग मला ऐकू जाईल असं म्हणाले, "नव्वदच्या आसपास राहिली तर हेच औषध. शंभर झाली की त्याच दिवशी मला कळवा, गोळ्या वाढवायला लागतील. वाट बघत बसू नका."

"शंबर झाली की कलवायचं," आत्याबाईंनी मान हलवली. "आनखी काय?"

"आणखी काही नाही."

घरी आल्यावर त्यांनी आपली व्यवस्था लावली. नवऱ्यानं आपलं मनगटी घड्याळ घरी ठेवलं होतं. ते घेऊन मामंजी माझ्या उशाशी खिडकीपाशी बसायचे, कारण सेकंदाचा काटा त्यांना उजेडातच दिसायचा. आत्याबाई माझ्या उजव्या हाताशी. त्यांच्या मांडीजवळ सोललेल्या सुपाऱ्यांचा छोटा ढीग आणि एक पितळी ताटली. मामंजी "हां" म्हणाले की त्या सुरू करायच्या. पाच झाले की एक सुपारी ताटलीत. ओठ हलायचे, पण आवाज नाही. मामंजी "बस" म्हणाले की हात सोडायच्या. मग मामंजी ताटलीतल्या सुपाऱ्या मोजायचे, त्यांना पाचानं गुणायचे आणि एका शाळेच्या वहीत आकडा लिहायचे. अठरा सुपाऱ्या म्हणजे नव्वद.

मला डोळे मिटून पडायचा हुकूम होता. मी फक्त ऐकायची, ताटलीत सुपारी पडल्याचा टक् आवाज. त्यांची बोटं नारळ सोलून सोलून राठ झालेली, पण मनगटावर ती इतकी हलकी ठेवायच्या की मला कधी कधी कळायचंही नाही. माझ्या स्वतःच्या आईनं मला इतक्या हळुवारपणे कधी धरलं नसेल. एरवी आमचं फार जमायचं असं नाही. भात किती शिजवावा यावरून आम्ही चार चार दिवस अबोला धरलेला आहे. पण सकाळच्या त्या एका मिनिटात भांडण नसायचं. आदल्या दिवशी मी काहीही बोललेली असो, सकाळी ताटली घेऊन त्या हजर.

आकडे बरे येत होते. पंच्याऐंशी, नव्वद, नव्वद. दर सोमवारी वही घेऊन मी दवाखान्यात जायची. डॉक्टर वही बघायचे, मग माझी नाडी स्वतः घ्यायचे आणि म्हणायचे, "चालून आलीस, म्हणून जोरात आहे. घरची आहे तीच खरी." गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

पाचवा महिना सरला. या आधी मी इथवर कधी आलेच नव्हते. पोट दिसायला लागलं, मूल हलायला लागलं. पहिल्यांदा हललं तेव्हा मी पाटाच्या कडेला भांडी घासत होते. भांडी तशीच टाकून मी बराच वेळ बसून राहिले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर जाईल, अशी भीती होती. आता हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं.

सहाव्या महिन्यात माझी छाती पुन्हा धडधडायला लागली. उशीवर कान टेकला की ठोके ऐकू यायचे. भर पावसात घामानं चोळी भिजायची. चार माणसांचं जेवायची आणि मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरायची. मी आत्याबाईंना म्हटलं, "आज शंभराच्या वर असणार बघा."

त्यांनी मोजली. अठरा सुपाऱ्या. माझ्यासाठी म्हणून पुन्हा मोजली. अठरा.

"घाबरतीस तू," त्या म्हणाल्या. "घाबरलं का असं वाटतं. मोजल्याबिगर बोलू नये गो बाय."

आकडा समोर होता. आकडा बरोबर, म्हणजे मीच नाटकी. लहानपणापासून माझ्याबद्दल लोक हेच म्हणत आलेले, की ही राईचा पर्वत करते. मी ठरवलं, आता तक्रार करायची नाही. आयुष्यात मी एकदाच तोंड बंद ठेवलं, आणि ते त्या दोन महिन्यांत.

बेत असा होता की नारळी पौर्णिमेनंतर आगबोटी सुरू झाल्या की पहिल्या बोटीनं मुंबईला जायचं आणि बाळंतपण तिथंच करायचं. पावसात समुद्र बंद, रस्त्याचं काही खरं नाही. आम्ही दिवस मोजत होतो. वहीत एकदा पंच्याण्णव आलं, मग तीन दिवस पंच्याण्णवच. शंभर झालं नाही. आत्याबाई रोज ताटलीकडे बघून म्हणायच्या, "शंबर न्हाय झाली," आणि सुपाऱ्या परत ढिगात टाकायच्या. त्यांच्या आवाजात एक प्रकारचा अभिमान असायचा, जणू काही त्याच नाडीला धरून ठेवत होत्या.

पौर्णिमेला दहा-बारा दिवस राहिले असताना सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. आठवा नुकता लागला होता. सुईण आली, डॉक्टर आले. दुपारी मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, आणि तिची छाती इतकी भराभर उडत होती की बघवत नव्हतं. डॉक्टरांनी माझी नाडी घेतली. मी आडवी, कुठं चाललेली नाही की फिरलेली नाही. त्यांनी पुन्हा घेतली. मग वही मागवली आणि ती कितीतरी वेळ बघत राहिले.

"आज सकाळी किती होती?"

"पंच्यान्नव," आत्याबाई म्हणाल्या.

"मग एकाएकीच उसळलेली दिसते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वही बंद केली. आत्याबाईंच्या मोजणीवर शंका घ्यावी असं त्यांच्याही मनात आलं नाही.

मुलगी दीड दिवस होती. आत्याबाईंनी तिला कापसात गुंडाळून आपल्या छातीशी धरलं होतं. माझ्याकडे दिली तेव्हा ती अजून गरम होती. मी तिच्या छातीवर एक बोट ठेवलं आणि मला वाटलं, हिचं आता मोजायला नको. तिचं नाव ठेवलं नव्हतं, ठेवायला वेळच मिळाला नाही. वाडीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात मामंजींनी जागा केली. नवरा आला तेव्हा तिथली माती पावसानं बसून गेली होती.

त्या हिवाळ्यात मुंबईला माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. धडधड गेली, अंग भरलं, हात स्थिर झाले. राग राहिला. म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं खोटं होतं, हे मी नवऱ्याला पुराव्यासकट सांगितलं.

पुढच्या वर्षी माघात एक व्यापारी नारळ न्यायला आला. तोवर मला वाडीतल्या जड कामापासून लांब ठेवत होते, त्यामुळे मोजणी चालते तिथं मी कधी बसले नव्हते. त्या दिवशी मामंजींना ताप होता. आत्याबाई म्हणाल्या, "तू येऊन बस. ताटलीतल्या सुपाऱ्या मोज फकस्त."

मी बसले. आत्याबाई नारळाच्या ढिगापाशी वाकून उभ्या. डाव्या हातात दोन, उजव्या हातात दोन, मग एक. हे पाच. आणि मग न बघता आणखी एक नारळ पलीकडे ढकलायचा, आणि त्याच दमात ताटलीत सुपारी. दोन, दोन, एक, आणि एक. टक्. ओठ हलत होते, आवाज नाही.

रिकामं बसवेना म्हणून मी आपली मनातल्या मनात नारळ मोजत होते. वीस सुपाऱ्या झाल्या तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "शंबर." माझे एकशे वीस झाले होते.

"आत्याबाई, तो सहावा मोजला नाहीत."

"तो मोजायचा नसतो," त्या पाठ सरळ करत म्हणाल्या. "पाचावर एक वरचा. येखादा खवट निघतो, येखादा फुटतो, मग घेनाऱ्याला तोटा नको. माज्या सासूनं असंच शिकवलं. आमी सगलं असंच मोजतो."

"सगळं?"

"मग काय? हाताला सवय हाय. मोजाया गेलं का हात आपसूक तसाच चालतो."

मी उठले आणि घरात गेले. पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच परत ठेवला. टक्, टक् एवढाच आवाज कानात. मिटलेल्या डोळ्यांनी चार महिने मी तोच ऐकला होता.

पण मला खात्री करून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठले नाही. म्हटलं, "आत्याबाई, जरा नाडी बघा ना. उगीच आपली." मामंजींना ताप उतरला होता, ते घड्याळ घेऊन बसले. या वेळी मी डोळे उघडे ठेवले आणि दुसऱ्या हाताचं बोट गळ्याच्या बाजूला टेकवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहाव्या ठोक्याला आत्याबाईंचा हात सुपारीकडे जायचा. सहावा त्यांच्या ओठांवर येतच नव्हता. मामंजी "बस" म्हणाले. ताटलीत चौदा सुपाऱ्या होत्या. माझे चौऱ्याऐंशी झाले होते.

"सत्तर," मामंजी म्हणाले.

"बरी झालीस गो बाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला.

मला काय वाटलं ते सांगते. मला त्यांचा हात झिडकारावासा वाटला. ओरडून सांगावंसं वाटलं की तुमची नव्वद म्हणजे एकशे आठ होती, तुमची पंच्याण्णव म्हणजे एकशे चौदा. शंभर कधीच होऊन गेली होती, आषाढ लागायच्या आधीच. गोळ्या वाढल्या असत्या. पौर्णिमा गाठता आली असती कदाचित. तोंडापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं, आणि त्याला काही मोठेपणा म्हणता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला बोलता आलं नाही, इतकंच. त्या चार महिन्यांत त्यांनी एक सकाळ चुकवली नव्हती. अंगात ताप असताना, त्यांच्या भावाच्या तेराव्याला जायचं होतं त्या दिवशीसुद्धा, आधी ताटली आणि मग बाकीचं.

दुपारी घरात कुणी नसताना मी वही काढली. एकेका आकड्यापुढे पेन्सिलीनं खरा आकडा लिहीत गेले. चार पानं झाली. पाचव्यावर मी थांबले आणि वही चुलीत घातली. मामंजी पुढे बरेच दिवस ती शोधत होते. उंदरांनी नेली असेल, मी म्हटलं. मी त्यांच्याशी खोटं बोलले ते तेव्हा पहिल्यांदा.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ग्रंथीचा उरलेला तुकडा पुन्हा डोकं वर काढू शकतो, तेव्हा नाडी मोजायची पद्धत पूर्वीचीच ठेवा. मी बोटीतून उतरून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर आत्याबाई उजव्या हाताशी बसलेल्या. घासून लख्ख केलेली ताटली, सुपाऱ्यांचा ढीग.

मी वाटभर विचार करत आले होते. दुसऱ्यानं मोजावी असं डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणावं, तर आत्याबाई त्यांना जाऊन विचारतील. सहावा मोजा म्हणून सांगावं, तर सहाव्याचं काय ते त्यांना कळेल. अक्षर येत नव्हतं, पण त्या माणसाला हिशेब शिकवावा लागत नव्हता. एका क्षणात त्या मागे जाऊन पोचतील, वाडीच्या कोपऱ्यापर्यंत.

मी हात ओढून घेतला. म्हटलं, "तुम्ही नका मोजू. माझी मी मोजेन."

"का गो? माज्या हातून काय चुकलं?"

"तुमचा हात नको लावायला. मागच्या वेळी तुमच्या हातानं यश आलं नाही."

याहून वाईट मी आयुष्यात काही बोललेले नाही. अपशकुनी म्हटल्यासारखंच झालं ते. पण मला ठाऊक होतं की माझ्या तोंडून आलेलं हे त्यांना खरं वाटेल. माझ्या जिभेची ख्याती गावभर होती. त्यांनी सुपाऱ्या एकेक करून पदरात भरल्या, ताटली उचलली आणि आत गेल्या. मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं की मी खाली बघते.

मुलगा झाला, पुऱ्या दिवसांचा, रडका. आत्याबाईंनी त्याला खेळवलं, न्हाऊ घातलं, पण माझ्या अंगाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. बाळंतपणात मालिशीलाही दुसरी बाई बोलावली. शेजारणींना सांगताना मी ऐकलं, "माजा हात तिला सोसत न्हाय." मला कितीदा वाटलं की सांगून टाकावं. मग वाडीचा तो कोपरा नजरेसमोर यायचा आणि मी पुन्हा कामाला लागायची. त्या मला दुष्ट समजल्या तर समजू देत, पण स्वतःला तसं समजायला नकोत.

मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी आत्याबाईंनी अंथरूण धरलं. पायांना सूज, श्वास लागायचा. डॉक्टर आता नवे होते. त्यांनी सांगितलं, हृदय थकलंय, सकाळ-संध्याकाळ नाडी बघत जा. मामंजी आदल्या वर्षी गेले होते. घरात मोजणारी मीच.

पहिल्या सकाळी मी त्यांचं मनगट हातात घेतलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. सात वर्षांत आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच असा हात लावत होतो. घड्याळ मी गुडघ्यावर ठेवलं आणि मोजलं. एकशे आठ.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थांबा, पुन्हा बघते. या वेळी मी त्यांच्यासारखी मोजली. पाच झाले की सहावा सोडून दिला.

"नव्वद," मी म्हटलं.

"मग बरी हाय," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.